वेब्लीची थर्टी टू : एवढी दुर्मिळ का झाली, त्याची पार्श्वभूमी

आमच्या मामांच्या परवान्यावर या वर्षी अखेर वेब्ली अँड स्कॉट या इंग्रज कंपनीची .३२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतलं माप), म्हणजेच थर्टी टू, रिव्हॉल्व्हर चढली. मार्क फोर, तीन इंची नळी, बर्मिंगहॅमची. त्यांनी शोध सुरू केला तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आता माझी मुलगी शाळेत जाते, एवढा काळ गेला. फोटो बघितल्यावर नात्यातल्या बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला की एवढ्या जुन्या रिव्हॉल्व्हरला लाखांत पैसे का मोजायचे आणि ती मिळायला एवढी वर्षं का लागावीत. खरं उत्तर बंदुकीत कमी आणि कायद्यात जास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ही रिव्हॉल्व्हर जगात दुर्मिळ नाही. अमेरिकेत अशी थर्टी टू काही शे डॉलरला मिळते आणि तिथले संग्राहक तिच्याकडे फारसं लक्षही देत नाहीत, त्यांना .४५५ ची मोठी मिलिटरी वेब्ली हवी असते. आपल्याकडे नेमकं उलटं आहे, आणि ते उलटं असण्याचं मूळ इंग्रजांच्या काळात आहे.

१८५७ नंतर नि:शस्त्रीकरण झालं, १८७८ चा शस्त्र कायदा आला, हे सगळ्यांनी शाळेत वाचलंय. त्यात न सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे बोअरची भानगड. सरकारच्या डोक्यात एकच भीती होती की लष्कराची काडतुसं चोरीला गेली तर ती लोकांच्या हत्यारात बसता कामा नयेत. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला .४५० च्या रायफली भारतात आणायला बंदी आली आणि बर्मिंगहॅम-लंडनच्या बंदूकवाल्यांना शिकारी रायफलींसाठी नवनवीन बोअर काढावे लागले. स्वातंत्र्य आलं, १९५९ चा कायदा आणि १९६२ चे नियम आले, तरी विचार तोच राहिला. नियमांच्या पहिल्या परिशिष्टात .३०३, सर्व्हिस ९ एमएम आणि रिव्हॉल्व्हरमध्ये .३८० आणि .४५५ ची काडतुसं जिच्यात बसतात ती सगळी हत्यारं प्रोहिबिटेड बोअर. म्हणजे पीबी. सामान्य परवानाधारकाला त्यांचा दरवाजा बंद.

आता बघा, वेब्लीची सगळी प्रसिद्ध मॉडेलं याच दोन बोअरची. १८८७ साली ब्रिटिश लष्कराने घेतलेली मार्क वन .४५५ ची, पहिल्या महायुद्धातली १९१५ ची सहा इंची मार्क सिक्स पण .४५५ ची, आणि दुसऱ्या महायुद्धातली मार्क फोर .३८ ची, जी .३८० ची काडतुसं खाते (मामांचीही मार्क फोरच, पण ती .३२ ची, वेगळी). सगळ्या पीबी. मग साध्या माणसासाठी उरलं काय, तर खिशात मावणारी थर्टी टू. ती लष्कराच्या कामाची कधीच नव्हती, त्याच कारणाने एनपीबीत, म्हणजे नॉन-प्रोहिबिटेड बोअरमध्ये राहिली, आणि त्याच कारणाने आज जिल्ह्याजिल्ह्यात तिचं नाव निघालं की लोक खुर्चीत सरसावून बसतात. .३१५ च्या रायफलीची गोष्ट पण हीच आहे, .३०३ नको म्हणून ती जन्मली.

तरीही १९७०-८० पर्यंत टंचाई अशी नव्हती. साहेब लोक जाताना विकून गेलेली हत्यारं होती, संस्थानिकांकडची होती, चहामळ्यांवरची होती, आणि बाहेरून आणायची सोय पण होती. मग दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. १९७९ च्या सुमारास खुद्द वेब्लीने बंदुका बनवणं थांबवलं, आणि ८० च्या दशकाच्या मध्यात आपल्याकडे खाजगी माणसाने हत्यार आयात करणं बंद झालं. नेमबाज खेळाडूंना वाट राहिली, परदेशातून कायमचं परत येणाऱ्यांना थोडी राहिली, बाकी सगळं थांबलं. त्या दिवशी देशात ज्या थर्टी टू होत्या तेवढ्याच, त्यानंतर आकडा फक्त कमी होत गेलाय. कोणी सरेंडर करतो, कुठे पोलीस ठाण्यात जमा राहून गंजते, कुठे परवानाधारक वारतो आणि वारसांना परवाना मिळत नाही. कस्टम्सने जप्त केलेली चांगली चांगली विदेशी हत्यारं याच काळात ठराविक पदांवरच्या मंडळींना विकली जात होती, ती रांगेत उभ्या राहिलेल्या सामान्य परवानाधारकाला कधी दिसली नाहीत, आणि याचा राग मला आजही आहे.

मग कानपूरची थर्टी टू आली. सरकारी कारखान्याची, बांधणी सरळसरळ वेब्लीवरून घेतलेली, तशीच मधून मोडून उघडणारी. २०१४ च्या जानेवारीत तिथलीच हलकी निर्भीक आली, अर्धा किलो वजन आणि किंमत तेव्हा १,२२,३६० रुपये. चांगली हत्यारं आहेत, मी वाईट बोलणार नाही. आणि २०२० मध्ये तर वेब्ली हे नावच उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात आलं, तिथे थर्टी टू बनवायला घेतली. पण त्याने जुन्या बर्मिंगहॅमवालीची मागणी कमी झाली नाही, उलट नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं.

आता सगळ्यात गुंत्याच्या शब्दाकडे येतो, कारण यात आमचे मामा दोनदा फसता फसता वाचलेत आणि मला रोज कोणी ना कोणी हेच विचारतं. शब्द आहे अँटिक.

विकणारा दलाल हमखास म्हणतो, साहेब शंभर वर्षांची आहे, अँटिक आहे, परवाना लागत नाही. हे वाक्य धोक्याचं आहे. शस्त्र कायद्याचं कलम ४५ असं आहे की जुन्या कालबाह्य बनावटीचं, किंवा पुरातन मोल असलेलं, किंवा मोडकं हत्यार, जे दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरता येत नाही, त्याला हा कायदा लागू नाही. आता शेवटचा भाग, वापरता येत नाही वाला, तो फक्त मोडक्या हत्याराला जोडायचा की तिघांना? पहिला अर्थ लावला तर पुरातन मोल असलेली प्रत्येक बंदूक मोकळी, मग ती झाडली जात असो वा नसो. दुसरा अर्थ लावला तर शंभर काय, दोनशे वर्षांची असली तरी गोळी सुटत असेल तर परवाना हवाच. माझं मत विचाराल तर दुसराच अर्थ बरोबर आहे आणि जो माणूस पहिल्या अर्थाच्या भरवशावर पैसे देतो तो वकिलाची फी आधीच बाजूला काढून ठेवो. थर्टी टू तर या सवलतीच्या जवळपासही जात नाही, कारण तिचं काडतूस आजही बनतं, तेही आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, बुडावर केएफ कोरलेलं. जिचं काडतूस पुण्यात तयार होतं ती बंदूक कालबाह्य कशी म्हणणार?

यात दुसरा गोंधळ १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचा. तिथे शंभर वर्षं हा आकडा खरोखर आहे, शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. पण तो कायदा वस्तू देशात राहावी म्हणून आहे, ती घरात विनापरवाना ठेवावी म्हणून नाही. लोक तिकडचा आकडा उचलतात आणि शस्त्र कायद्याला चिकटवतात.

तिसरा शब्द क्युरिओ, म्हणजे संग्रहात ठेवायची जुनी वस्तू. २०२० च्या फेब्रुवारीत नियमात बदल झाला की क्युरिओ गटातलं लहान शस्त्र घ्यायला आणि बाळगायला परवाना नको, पण ते वापरायला, सोबत न्यायला किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवायला परवाना हवा, आणि परवान्यावर नोंद नसेल तर काडतूस मिळणार नाही. वाचताना छान वाटतं. पण विदर्भातल्या घरातून पश्चिम महाराष्ट्रातल्या घरात एखादी बंदूक आणायची तर ती हलवावीच लागणार ना! म्हणजे संग्राहकाला दिलेली सूट पहिल्याच प्रवासात संपते. तीन कायदेशीर शब्द, तीन वेगळे अर्थ, आणि बाजारात तिन्हींसाठी एकच शब्द वापरला जातो, हे खरं दुखणं आहे.

बाहेर याची उत्तरं निदान सरळ आहेत. अमेरिकेत १८९८ किंवा त्याआधी बनलेलं ते अँटिक, विषय संपला. इंग्लंडमध्ये २०२१ पर्यंत अँटिक शब्दाची पक्की व्याख्याच नव्हती, मग त्यांनी १ सप्टेंबर १९३९ च्या आधीची बनावट ही अट घातली आणि कालबाह्य काडतुसांची यादी कायद्यात टाकली. तिथे १९९७ नंतर हातबंदुकांवर जवळपास पूर्ण बंदी आहे, म्हणजे वेब्लीच्या जन्मगावात माणसाला ती साध्या परवान्यावर घरी काडतुसांसकट ठेवता येत नाही आणि आपल्याकडे येते, हेही लक्षात ठेवायला हवं. मला आपली व्यवस्था सगळीच वाईट वाटत नाही, फक्त एक तारीख आणि एक यादी आपल्याकडेही हवी, एवढंच मागणं आहे.

आता २०१९. मामांच्या परवान्यावर आधीपासून दोन हत्यारं होती, आजोबांची बारा बोअर दुनळी आणि एक .३१५. कायद्याने तीन चालायची, १९८३ च्या दुरुस्तीपासून तसंच होतं, म्हणून तिसरी जागा त्यांनी थर्टी टू साठी रिकामी ठेवली होती. डिसेंबर २०१९ मध्ये कायदा बदलला. सरकारी मसुद्यात तर एकच हत्यार ठेवायचं म्हटलं होतं, परवानाधारकांनी आणि नेमबाजांनी खूप आरडाओरड केली तेव्हा दोनवर आलं. ज्यांच्याकडे तीन होती त्यांनी तिसरं एका वर्षात पोलीस ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करायचं. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं केली हे चांगलं झालं. पण तिसरं हत्यार काढून घेतल्याने गुन्हे कसे कमी होणार हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही, गुन्ह्यात सापडतात ते कट्टे, परवान्यावरची आजोबांची दुनळी नाही. जमा झालेल्या त्या तिसऱ्या हत्यारांमध्ये किती जुन्या वेब्ली असतील या विचाराने जीव कळवळतो.

मामांची रिकामी जागा त्या दिवशी गेली. आणि दोन वर्षांनी थर्टी टू सापडली, विदर्भातल्या एका कुटुंबाकडे, घरातले मालक वयस्कर, मुलगे परदेशात. वेळच चुकली.

मी डीलरच्या काउंटरवर ती पहिल्यांदा बघितली. डाव्या बाजूच्या खटक्यावर अंगठा दाबला की नळी पुढे झुकते आणि मागून चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर वर येतो, सहाच्या सहा टोपणं एकदम बाहेर टाकणारा. मामांनी पांढऱ्या कागदाचा तुकडा मागे धरून नळीत बघितलं, आटे स्वच्छ होते, तोंडापाशी थोडे खड्डे. फ्रेमवर पंख असलेल्या गोळीचा शिक्का, सिलिंडरच्या प्रत्येक घरावर बर्मिंगहॅमचे मुकुटाचे ठसे, आणि चापाच्या कडीवर एक बारीक खोल ओरखडा. तो कशाचा म्हणून विचारलं तर कळलं की दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करताना नंबरचा बिल्ला तारेने बांधायचे, त्या तारेचा. एवढ्या वर्षांत इतक्या वेळा बांधला की पोलादावर रेघ पडली. मामा तो पॉलिश करून काढायला नाही म्हणाले, राहू दे, तिचा इतिहास आहे तो.

विकत घेण्याची प्रक्रिया सांगतो, कारण पुढच्यांना उपयोगी पडेल. विकणाऱ्याने घेणाऱ्याचं नाव-पत्ता लिहून आधी लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान पंचेचाळीस दिवस थांबायचं, हे कायद्यातच आहे. त्याशिवाय इथल्या कार्यालयाची परवानगी आणि तिथली एनओसी. आमची फाइल एका कार्यालयात तब्बल आठ महिने पडून होती, दोष काहीच नव्हता, अर्जात बोअर एका ठिकाणी .३२ आणि दुसऱ्या ठिकाणी ७.६५ लिहिला होता, दोन्ही एकच ना असं बाबूला पटवायला तेवढे महिने लागले. ते वयस्कर मालक मधल्या काळात दुसऱ्याला देऊ शकले असते, जास्त पैसे देणारे होते, त्यांनी दिली नाही. शब्दाला जागले.

आणि तिसऱ्या जागेचं काय केलं, तर २०१६ च्या नियमात वारसांसाठी एक चांगली तरतूद आहे. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षं असलं की तो हयातीतच ते कायदेशीर वारसाच्या नावावर करू शकतो. मामांनी दुनळी मामेभावाला द्यायचं ठरवलं. फक्त क्रम उलटा सुलटा होऊन चालत नाही, आधी भावाचा परवाना, मग दुनळीची नोंद मामांच्या परवान्यावरून कमी, मग वेब्लीची नोंद. भावाचं पोलीस व्हेरिफिकेशन, प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, डॉक्टरचा दाखला, सगळं नव्याने. दुनळी घरातून हलली नाही, कपाटही तेच आहे, पण नाव बदललं त्या दिवशी मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

यंदा खंडेनवमीला पाटावर तिन्ही मांडली होती. दुनळी भावाच्या हातून ठेवली गेली, .३१५ आणि थर्टी टू मामांच्या. हळदकुंकू लावायच्या आधी मामांनी वेब्ली उघडून सिलिंडर रिकामं असल्याचं आम्हा सगळ्यांना दाखवलं, मग बंद केली आणि नळी भिंतीकडे करून ठेवली.