डाळ मिलसाठी पीएमईजीपीचा अर्ज: सबसिडीचं नंतर, आधी प्रोजेक्ट रिपोर्ट

तुरीच्या राशी झाल्या की दरवर्षी दोन-चार जण तरी विचारायला येतात, "गावात डाळ मिल टाकायचीय, सबसिडी किती बसते?" लातूर भागात मी असे अर्ज आणि अहवाल करून देतो, त्यामुळे हा प्रश्न तोंडपाठ झालाय. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तूर किती घेणार, कधी घेणार आणि पैसे कुठून आणणार? याचं उत्तर ज्याच्याकडे असतं, त्याचा अर्ज निम्मा झालेला असतो.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८ पासून चालू आहे. कर्ज बँकेचं, त्यातल्या काही हिश्शाचं अनुदान केंद्र सरकारचं. अर्ज खादी आयोगाच्या पोर्टलवर भरायचा आणि तिथेच जिल्हा उद्योग केंद्र, खादी ग्रामोद्योग मंडळ किंवा खादी आयोग यांपैकी एक यंत्रणा निवडायची. योजनेच्या सध्याच्या रूपाला २०२५-२६ पर्यंतची मंजुरी होती. म्हणून फॉर्म भरायच्या दिवशी पोर्टलवरच्या चालू सूचना वाचूनच पुढे जा, कुणाच्या मोबाइलमधल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नका.

पात्रतेला फार अटी नाहीत. वय १८ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. उत्पादनाचा प्रकल्प ५० लाखांपर्यंत, सेवा व्यवसायाचा २० लाखांपर्यंत. उत्पादनात १० लाखांच्या वर आणि सेवेत ५ लाखांच्या वर जायचं असेल तर अर्जदार आठवी पास पाहिजे. व्यवसाय नवा हवा. चालू गिरणीला नवा बोर्ड लावून भागत नाही. दुसऱ्या सरकारी योजनेतून त्याच युनिटला अनुदान घेतलेलं नसावं आणि नवरा-बायको मिळून एकालाच लाभ मिळतो. बरेच जण आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवून सीएची फी भरून येतात. एवढी घाई करू नका, इथे अर्ज साधारणपणे व्यक्तीच्या नावावर होतो.

अनुदान खुल्या प्रवर्गाला शहरात प्रकल्प खर्चाच्या १५ टक्के, ग्रामीण भागात २५. विशेष प्रवर्गाला २५ आणि ३५. स्वतःचा हिस्सा खुल्यांना १० टक्के, विशेष प्रवर्गाला ५. विशेष प्रवर्गात अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक, तृतीयपंथी आणि सगळ्या महिला येतात. मराठवाड्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट: धाराशिव हा आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेला, जिल्हा आहे आणि २०२२ च्या बदलानंतर अशा जिल्ह्यांतल्या अर्जदारांना विशेष प्रवर्गाचाच दर लागतो. म्हणजे उमरग्याच्या खेड्यातल्या खुल्या प्रवर्गातल्या पोरालाही ३५ टक्के. शेजारच्या निलंग्यात, लातूर जिल्ह्यात, त्याच पोराला २५.

आता प्रोजेक्ट रिपोर्ट. पोर्टलवर नमुना प्रकल्प मिळतात. ढाचा समजून घ्यायला ते चांगले आहेत, उतरवून काढायला नाहीत. एका ताईंचा अहवाल दुसऱ्या कुणीतरी करून दिला होता, तो घेऊन त्या माझ्याकडे आल्या. बँकेतून परत आलेला. त्यात लिहिलेलं असं: तासाला १ क्विंटल क्षमतेचं यंत्र, रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस. एकूण खर्च १२ लाख, त्यात खेळतं भांडवल ३ लाख. कागदावर सगळं जुळलेलं. मी पेन घेतला. रोज ८ क्विंटल तूर, २०२५-२६ च्या ८,००० रुपये हमीभावाने धरली तर दिवसाला ६४,००० रुपये. ३ लाखांत पाच दिवसांचीही तूर येत नाही. आणि ३०० दिवस म्हणजे २,४०० क्विंटल, म्हणजे १ कोटी ९२ लाखांची तूर! बँकेच्या साहेबांनी त्यांना एवढंच विचारलं होतं, "जूनमध्ये तूर कुठून आणणार?" ताईंना उत्तर देता आलं नाही, कारण तो आकडा त्यांचा नव्हताच.

शिवाय डाळ करणाऱ्याला हे माहीत असतं की तूर नुसती यंत्रात ओतून डाळ पडत नाही. तेल-पाणी लावून ती उन्हात वाळवावी लागते. पावसाळ्यात ड्रायर नसेल तर ते काम बसतं. त्यामुळे ३०० दिवस हा आकडा तिथेच खोटा पडतो, आणि जागेच्या नकाशात शेडइतकंच महत्त्व वाळवणाच्या ओट्याला येतं. त्यांच्या रिपोर्टमध्ये ओटा नव्हताच.

मग आम्ही अहवाल गावावरून लिहिला. उन्हाळ्यात आसपासच्या चार-पाच वाड्यांतले शेतकरी घरची वर्षाची डाळ करून घेतात. त्यांची तूर, आपली भरडाई. यात भांडवल अडकत नाही. उरलेल्या क्षमतेत हंगामात थोडी स्वतःची खरेदी, तीही पैसा फिरेल तेवढीच. १ क्विंटल तुरीची साधारण ७० किलो डाळ धरली, उरलेली चुणी, म्हणजे डाळीचा चुरा, दूधवाल्यांना. कामाचे दिवस कमी केले, पहिल्या वर्षी क्षमता आणखी खाली ठेवली. नफा कमी दिसायला लागला तेव्हा ताई घाबरल्या. पण हप्ता भरून हातात काही उरतं का, एवढंच बँक बघते. फुगवलेला नफा बघून उलट शंका येते.

विजेचं वेगळं लिहा. शेती फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच येते आणि त्यातही पाळी बरेचदा रात्रीची असते. युनिट गावठाणच्या लाइनवर आहे का, महावितरणकडे किती भाराची मागणी करणार आणि त्या जोडणीचा खर्च किती, हे आकड्यात आलं पाहिजे. जमिनीची किंमत मात्र प्रकल्प खर्चात धरता येत नाही. शेडचं भाडं तीन वर्षांपर्यंतचं धरता येतं.

त्यांचं गणित शेवटी १२ लाखांवरच ठेवलं, फक्त आतली वाटणी बदलली. ग्रामीण भाग आणि महिला अर्जदार, म्हणून स्वतःचे ६०,०००, अनुदान ४ लाख २० हजार. बँक ११ लाख ४० हजार मंजूर करते, अनुदान त्यातच धरलेलं असतं.

कागदपत्रांत आधार, पॅन, फोटो, शाळेची टीसी किंवा गुणपत्रिका, जात प्रमाणपत्र लागत असेल तर ते, ग्रामपंचायतीचा ग्रामीण भागाचा दाखला, यंत्राचं जीएसटी क्रमांकासह कोटेशन आणि अहवाल. अडतं ते नावात. टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणी दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र आधीच काढून ठेवा, नाहीतर अर्ज तिथेच लटकतो. जागा सासऱ्यांच्या नावावर असेल तर भाडेकरार किंवा संमतीपत्र, सोबत नमुना ८ चा, म्हणजे ग्रामपंचायतीतला मिळकतीचा उतारा. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते. अन्न परवान्याची नोंदणीही लागेल, कारण डाळ हे खाद्य आहे.

अर्जाला फी नाही. "टक्केवारी द्या, मंजूर करून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अहवाल लिहून घेण्याचे पैसे वेगळे, मंजुरीचे कुणीच घेऊ शकत नाही.

यंत्रणा अर्ज तपासून बँकेकडे पाठवते. १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, त्यावर कर्ज हमी योजनेचं संरक्षण घेता येतं. मंजुरी मिळाली की उद्योजकता प्रशिक्षण करायचं, स्वतःचा हिस्सा भरायचा, मग पहिला हप्ता सुटतो. सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, बिघडलेलं असेल तर यांपैकी काहीच पुढे सरकत नाही, तेव्हा ते अर्जाआधीच काढून बघा. पीककर्ज थकलेलं असलं तरी ते तिथे दिसतं.

अनुदान हातात येत नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा. ते बँकेत तुमच्या नावे तीन वर्षं मुदत ठेवीसारखं पडून राहतं. त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर लागतही नाही. त्या तीन वर्षांत कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठीच्या कर्जाची, मर्यादा एकदा तरी पूर्ण वापरलेली आणि सरासरी ७५ टक्क्यांच्या खाली न गेलेली असावी लागते. अहवालात फुगवून मागितलेलं खेळतं भांडवल इथे अंगाशी येतं. नंतर तपासणीला माणूस येतो. युनिटवर योजनेचा बोर्ड आहे का आणि यंत्र जागेवर चालू आहे का, ते पाहतो. ताईंकडे आला तेव्हा ओट्यावर तूर वाळत होती, त्याने आधी तिचाच फोटो काढला.