परातीतलं नाणं आणि ब्लू-रेची लढाई

फेब्रुवारी २०२५मध्ये सोनीने घरी रेकॉर्ड करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन थांबवलं. ती बातमी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर निघाली, तेव्हा एका मित्राने लगेच निकाल दिला, "महाग हुती म्हणून गेली. स्वस्त असतंय तेच टिकतंय बघ." दुसऱ्याने व्हीएचएसपुढे हरलेल्या बीटामॅक्स या व्हिडिओ कॅसेटचा दाखला दिला, की चांगलं यंत्र शेवटी हरतंच. ही दोन्ही वाक्यं मी कित्येक वर्षं ऐकतोय आणि दोन्ही अर्धवट आहेत. डीव्हीडीनंतरच्या, जास्त स्पष्ट चित्राच्या चकतीच्या शर्यतीत सोनीच्या ब्लू-रेने ज्याला हरवलं तो तोशिबाचा एचडी डीव्हीडी हा फॉरमॅट स्वस्तच होता, आणि त्या दोघांत जास्त माहिती मावणारा होता तो जिंकलेला ब्लू-रे.

पण एक फॉरमॅट स्वस्त आणि दुसरा महाग का होतो, ते दुकानात बसून कळत नाही. त्यासाठी डिस्कच्या आत उतरावं लागतं, आणि मला सगळ्यात आवडतो तो भाग तिथेच आहे.

डिस्कवर सूक्ष्म खळगे असतात आणि लेझरचा ठिपका ते वाचत जातो. ठिपका जितका बारीक, तितके खळगे दाट बसवता येतात. ठिपक्याचा आकार दोन गोष्टींवर ठरतो: प्रकाशाची तरंगलांबी, आणि भिंग प्रकाशाला किती रुंद कोनातून एकवटतं. या दुसऱ्या गोष्टीला न्युमेरिकल अपर्चर म्हणतात. आपण नुसतं 'भिंगाचा आकडा' म्हणू. तरंगलांबीला या आकड्याने भागलं की ठिपक्याचं माप कळतं. डीव्हीडीचा लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा आणि भिंगाचा आकडा ०.६०, म्हणजे भागाकार साधारण १०८०. एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या दोघांचा लेझर ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. तो शक्य झाला शुजी नाकामुरा आणि इतरांच्या गॅलियम नायट्राइडवरच्या कामामुळे. त्याच पदार्थापासून केलेल्या निळ्या एलईडीसाठी नाकामुरांना २०१४चं नोबेल विभागून मिळालं. भिंगं मात्र वेगळी: एचडी डीव्हीडीचं ०.६५, ब्लू-रेचं ०.८५. भागाकार अनुक्रमे ६२३ आणि ४७६.

ठिपक्याचं क्षेत्रफळ मापाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. १०८० आणि ४७६ यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला तर पाचाच्या किंचित वर येतो. डीव्हीडीच्या खळग्यांच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मावतात. त्याची पाचपट केली की जवळपास २४, आणि ब्लू-रेच्या एका थराची खरी क्षमता आहे २५. एचडी डीव्हीडीसाठी हाच हिशेब केला तर तिप्पट, म्हणजे १४. खरा आकडा १५. शाळेतल्या भागाकारातून दोन कंपन्यांच्या भांडणातले आकडे असे बाहेर पडतात, याचा मला दर वेळी आनंद होतो.

मग एचडी डीव्हीडीवाल्यांनी ०.८५चं भिंग का घेतलं नाही? यासाठी घरात एक प्रयोग करा. पाण्याने भरलेल्या बादलीच्या तळाशी एक रुपयाचं नाणं टाका आणि तिरकं बघा. नाणं आहे तिथे दिसत नाही, सरकल्यासारखं दिसतं. आता तेच नाणं परातीत, बोटभर पाण्यात ठेवा आणि तितकंच तिरकं बघा. ते जेमतेम सरकलेलं दिसेल. प्रकाश जितक्या जाड थरातून तिरका जाईल, तितकी चूक वाढते.

डिस्कवरचे खळगेही असेच पारदर्शक प्लॅस्टिकच्या 'पाण्याखाली' असतात. सीडीत हा थर १.२ मिलिमीटरचा, डीव्हीडीत ०.६चा. फिरताना डिस्क थोडी तरी कलतेच. ती कलली की ठिपक्याला धूमकेतूसारखी शेपटी फुटते आणि शेजारच्या खळग्यांवर सांडते. या दोषाचं नावच कोमा. कॉमेट, म्हणजे धूमकेतू, हा शब्द त्याच घराण्यातला. थराची जाडी गुणिले भिंगाच्या आकड्याचा घन, भागिले तरंगलांबी, या प्रमाणात तो वाढतो. घन आहे हे विसरू नका, सगळी गंमत तिथे आहे. डीव्हीडीचा दोष १ धरला, तर ०.६ मिलिमीटरच्या थराखाली ०.८५चं भिंग वापरल्यावर तो साडेचारपट होतो. तेवढी सपाट डिस्क लाखोंच्या संख्येने बनवणं अशक्यप्राय. एचडी डीव्हीडीने जुना ०.६चा थर ठेवला आणि भिंग जेमतेम वाढवलं. दोष दुप्पट झाला, पण निभला. ब्लू-रेवाल्यांनी थरच ०.१ मिलिमीटरवर आणला, म्हणजे बादली टाकून परात घेतली. दोष डीव्हीडीपेक्षाही कमी, सुमारे पाऊण.

त्याची किंमत वेगळीकडे मोजावी लागली. थर पातळ झाला की पृष्ठभागावर प्रकाशाचा झोतही बारीक होतो. डीव्हीडीच्या पृष्ठभागावर तो साधारण अर्धा मिलिमीटर रुंद असतो, ब्लू-रेवर त्याच्या चौथाई. त्यामुळे बारीकसा ओरखडाही त्याला अडवतो. म्हणून पहिल्या ब्लू-रे डिस्क डबीत बंद असायच्या. २००४मध्ये टीडीके या जपानी कंपनीने कडक लेप शोधला तेव्हा ती डबी गेली.

स्वस्ताईचं मूळ इथे आहे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या चिकटवलेल्या. एचडी डीव्हीडीही तशीच, म्हणून तिला जुनी यंत्रसामग्री थोड्या बदलात चालायची. ब्लू-रेला नवी लागायची. आमच्या उद्यमनगरात फाउंड्री चालवणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: जुन्या पॅटर्नवर नवं कास्टिंग निघत असेल तर भाव कुणाचा कमी पडणार, हे तो झोपेत सांगेल.

तोशिबाने हा फायदा पुरेपूर वापरला. २००६मध्ये तिचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर अमेरिकेत ४९९ डॉलरला आला, तर सॅमसंगचा पहिला ब्लू-रे प्लेअर ९९९ला. २ नोव्हेंबर २००७ला वॉलमार्ट या अमेरिकी दुकानांच्या साखळीने तोशिबाचा एक प्लेअर ९८ डॉलर ८७ सेंटला विकला. लोक तुटून पडले. आणि साडेतीन महिन्यांत फॉरमॅट संपला.

प्लेअर माणूस एकदा घेतो, डिस्क पुन्हा पुन्हा घेतो. दुकानदाराचं लक्ष त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिऱ्हाइकावर. दोन फॉरमॅट म्हणजे एकच सिनेमा दोनदा मागवायचा, दोन कप्प्यांत ठेवायचा आणि न खपलेला माल अंगावर घ्यायचा. २००७मध्ये डिस्कच्या विक्रीत ब्लू-रे पुढे होता, कारण सोनीने प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रात ब्लू-रे बसवून दिला होता. तोही एक प्रकारे स्वस्त प्लेअरच, फक्त दुसऱ्या नावाने घरात शिरलेला. त्या जूनमध्ये सिनेमे भाड्याने देणाऱ्या ब्लॉकबस्टर या साखळीने आपल्या बऱ्याच दुकानांत या दोघांपैकी फक्त ब्लू-रे ठेवायचं ठरवलं. ४ जानेवारी २००८ला वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू निवडली. ११ फेब्रुवारीला तेव्हा डिस्क भाड्याने देणारी नेटफ्लिक्स आणि बेस्ट बाय ही दुकानांची साखळी, १५ला खुद्द वॉलमार्ट, आणि १९ला तोशिबाने माघार जाहीर केली.

पण एकट्या दुकानाच्या मनात आलं म्हणून फॉरमॅट चालत नाही. सर्किट सिटी या मोठ्या साखळीने १९९८मध्ये डिव्हएक्स नावाची, ४८ तासांत मुदत संपणारी डिस्क आणली. प्रतिस्पर्ध्याच्या खिशात पैसे घालायला बाकीची बहुतेक दुकानं तयार नव्हती. वर्षभरात ती गुंडाळली.

कोल्हापुरात या लढाईचा आवाजही आला नाही. इथे राज्य होतं व्हीसीडीचं, आणि तिथेही तोच नियम. १९९३च्या या फॉरमॅटचा माहितीचा वेग मुद्दाम गाण्याच्या सीडीइतका ठेवलेला. त्यामुळे सीडी प्लेअरची यंत्रणा जशीच्या तशी घ्यायची आणि चित्र उलगडणारी एक चिप जोडायची, की झाला व्हीसीडी प्लेअर. चिनी कारखान्यांनी तेच केलं. एका चकतीत ७४ मिनिटं, म्हणून सिनेमा दोन-तीन चकत्यांत यायचा आणि ऐन मारामारीत उठून चकती बदलावी लागायची. २००७मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना काढली. सहा रुपयांचा फरक उरल्यावर दुकानदाराला व्हीसीडीसाठी कप्पा अडवून ठेवायचं कारणच संपलं.

त्यातल्या काही चकत्या आता गाड्यांच्या आरशाला लटकतात, पोलिसांची स्पीड गन चुकते म्हणून. ती अजिबात चुकत नाही. गन गाडीच्या पत्र्यावरून आणि नंबर प्लेटवरून परत आलेल्या लहरी मोजते. आरशाखाली डुलणारी चकती त्यात काही बदल करू शकत नाही. चकतीवरचे इंद्रधनुष्याचे रंग १.६ मायक्रॉनवर आखलेल्या रेघांमुळे दिसतात, आणि मुलांना दाखवायला तेवढं पुरेसं सुंदर आहे.

राहिला मित्राचा "महाग हुती" हा मुद्दा. २००८मध्ये गिऱ्हाइकांना ब्लू-रे घ्या म्हणून सांगणाऱ्या बेस्ट बायने २०२४मध्ये सिनेमाच्या सगळ्याच डिस्क आपल्या दुकानांतून काढून टाकल्या. तोवर ब्लू-रे प्लेअर वॉलमार्टच्या त्या ९८ डॉलरपेक्षाही स्वस्त झाला होता.