दिव्यांचा ओंडका घेऊन येताय? आधी हे वाचा

नवरात्र जवळ आलं की आमच्या वर्कशॉपसमोर गाड्या थांबायला लागतात. डिकी उघडते, आत जुन्या पेपरवर ठेवलेला हात-दीड हात लांबीचा ओंडका. ‘परसातला आंबा जुलैत पडला, त्याची फांदी आहे. पाच भोकं पाडून द्या. कोजागरीला पाहुणे आहेत, टेबलावर मधोमध मेणबत्त्या लावून ठेवायचाय.’ ओंडका देखणा असतो यात वादच नाही. आम्ही ओल मोजायच्या मॉइश्चर मीटरच्या दोन सुया त्यात रोवतो, आकडा चाळीस टक्क्यांच्या वर जातो आणि आम्ही नाही म्हणतो.

गिऱ्हाईक हिरमुसतं. काही जण इथून निघून दुसऱ्याकडून भोकं पाडून घेतात आणि दिवाळीच्या आत तडा गेलेला ओंडका घेऊन परत आमच्याकडेच येतात. दरवर्षी तेच समजावून घसा बसतो, म्हणून हे पत्रक छापलं.

आम्ही नाही का म्हणतो

कापलेल्या लाकडात पाणी दोन जागी असतं. एक पेशींच्या पोकळीत मोकळं साचलेलं, दुसरं पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी उडतं. तोवर ओंडका नुसता हलका होतो, आकारात फरक पडत नाही. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि लाकूड आवळायला लागतं. ‘महिनाभर काही झालं नाही हो, मग एका रात्री फटकन आवाज आला आणि सकाळी बघतो तर हा तडा’ ही तक्रार आम्ही ऐकतो ती यामुळेच. तो महिनाभर नुसतं मोकळं पाणी जात होतं.

बरं, आवळणंही सगळीकडून सारखं नसतं. लांबीत लाकूड जवळजवळ आवळतच नाही. गाभ्यापासून सालीकडे थोडं आवळतं आणि घेरात त्याच्या साधारण दुप्पट. अख्ख्या गोल ओंडक्याचा घेर आटतो, पोट तेवढं आटत नाही. अंगाला लहान झालेल्या सदऱ्याची गुंडी तुटावी तसा मग सालीपासून गाभ्यापर्यंत सरळ तडा जातो. त्यात कारागिराचा दोष नाही, लाकडाचाही नाही.

आता त्यात भोक पाडलेलं असेल तर काय होतं, ते एका ताईंनी आणून दाखवलं. फणसाचा ओला ओंडका, बाहेरून पाडून घेतलेली ४२ मिलिमीटरची पाच भोकं, त्यांत काचेचे कप अगदी फिट्ट बसवलेले. दोन महिन्यांनी भोकं अंडाकृती झाली होती. ओंडक्याच्या लांबीच्या दिशेनं मोजलं तर ४२ च, आडवं मोजलं तर साडेचाळीस. तीन कप चिमटीत धरल्यासारखे अडकलेले आणि चौथा उभा चिरलेला. ताई म्हणाल्या, काच हलकी असणार. काच चांगली होती. लाकूड आवळताना काचेचं ऐकत नाही.

आणि वेळ बघा कशी येते. जून ते सप्टेंबर आमच्या कोकणात हवाच इतकी दमट की ओंडका पडवीत ठेवला तरी सुकत नाही, उलट बुरशी धरतो. कोरडं लाकूडसुद्धा त्या दिवसांत मीटरवर १७-१८ दाखवतं. मग एकदम ऑक्टोबरचं ऊन. वरचं लाकूड भराभर आटतं, आतलं ओलंच राहतं. म्हणजे वर्षातला तडा जाण्याचा सगळ्यात पक्का मुहूर्त आणि तुमची भोकं पाडायची घाई एकाच पंधरवड्यात येतात.

मग सुकवायचा कसा

झाड नुकतंच पडलं असेल तर पहिलं काम त्याच दिवशी करा: ओंडक्याच्या दोन्ही कापलेल्या तोंडांना जाड ऑइल पेंट किंवा वितळवलेलं मेण लावा. झाडाला पाणी वर नेणाऱ्या नळ्या लांबीत असतात आणि तोंडाशी त्या उघड्या पडतात. तिथून ओल बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगानं निघते, म्हणून पहिल्या चिरा तोंडांनाच पडतात. पेंट कुठलाही चालतो, घरात उरलेला गेटचा असला तरी.

दुसरं, ओंडका लांबीत मधोमध चिरून दोन अर्धे करा. आमचा सगळा आग्रह याच गोष्टीसाठी असतो. गाभ्यातून चिरला की लाकडाला आवळायला मोकळीक मिळते, तडे फार कमी जातात. शिवाय खालची बाजू सपाट होते, टेबलावर ओंडका डगमगत नाही, आणि एकाचे दोन सेंटरपीस होतात ते वेगळंच. सुकताना सपाट बाजू थोडी वाकडी होते. शेवटी रंधा मारला की सरळ. ‘आम्हाला अख्खा गोलच हवा’ म्हणणारे आहेत. त्यांना आम्ही देतो, पण तडा जाणार हे आधी सांगून. पुष्कळांना तो तडा आवडतोही, गावठी दिसतो म्हणे.

तिसरं, जमिनीपासून वीतभर उंच, खाली दोन पट्ट्या घालून, सावलीत आणि वारा खेळेल असा ठेवा. गच्चीवर उन्हात नाही. चुलीवरच्या माळ्यावर नाही. ओव्हनमध्ये तर नाहीच; एकानं तोही प्रयोग केला आणि घरभर धूर करून घेतला. बाहेरून फटाफट वाळवलं की वरचा थर ताणला जातो आणि आतल्या ओलीनं फाटतो.

किती दिवस? सुतारांचा जुना हिशेब आहे, इंचभर जाडीला एक वर्ष. अर्धा चिरलेला चार इंची तुकडा म्हणजे तीन-चार वर्षं. ऐकून लोक हसतात. पण घरात मीटर नसला तरी वजनकाटा असतो. दर महिन्याला ओंडक्याचं वजन करून त्याच्यावरच खडूनं लिहा. तीन किलोचा ओंडका सुकून दोन किलोवर थांबला, तर कोरड्या वजनाच्या निम्म्याइतकं, म्हणजे अख्खं एक लिटर पाणी त्यातून निघालं. उन्हाळ्यात लागोपाठ दोन-तीन महिने वजन हललं नाही की आमच्याकडे या. मीटर लावून बघायचे आम्ही पैसे घेत नाही. १४ च्या खाली आकडा आला की त्याच दिवशी भोकं पाडून देतो.

३५ चं भोक

मॉड्युलर फर्निचर करणाऱ्या प्रत्येक सुताराकडे ड्रिलला लावायचा ३५ मिलिमीटरचा बिट असतो, कारण कपाटाच्या बिजागरीची वाटी तेवढी असते. बाजारातली टीलाइट, म्हणजे ॲल्युमिनियमच्या वाटीतली बुटकी मेणबत्ती, साधारण ३८ ची. आता कळलंच असेल. ‘थोडं मोठं करून द्या’ हे ऐकायला सोपं वाटतं, पण या बिटाला मधल्या टोकानं लाकडात पकड घ्यावी लागते आणि आधीच्या भोकात मध्यभागच उरलेला नसतो. बिट भरकटतो, कडा फाटते. त्यात लाकडाची गुट्टी ठोकून, सुकवून, पुन्हा केंद्र धरून पाडावं लागतं. नव्या भोकापेक्षा या दुरुस्तीची मजुरी जास्त पडते. ती आम्ही उगाच लावत नाही.

घरी करणार असाल तर मापं ही घ्या: भोक ४० चं, टीलाइटची कड लाकडाच्या वर एक-दोन मिलिमीटर राहील इतकंच खोल, आणि दोन भोकांत केंद्रापासून केंद्रापर्यंत किमान चार इंच. जवळजवळ लावलेल्या ज्योती एकमेकींचं मेण तापवतात आणि भडका घेतात. ड्रिल हातात धरून एवढा मोठा बिट फिरवू नका, मनगट पिरगळतो. स्टँडला लावा, नाहीतर निदान ओंडका शिकंज्यात घट्ट आवळा.

मेणबत्ती लाकडाला टेकू नये

नुसत्या लाकडाच्या खड्ड्यात जाड मेणबत्ती उभी करू नका. वात तळाशी पोचली की मेण लाकडात मुरतं आणि लाकूडच वात होऊन बसतं. टीलाइट तिच्या ॲल्युमिनियमच्या वाटीसकट ठेवा; मोठ्या मेणबत्तीसाठी पितळी किंवा काचेचा कप आमच्याकडे मिळतो. त्याच कारणानं भोकाच्या आत आम्ही पॉलिश लावत नाही. ‘आतून कोरडं का ठेवलंत’ असं विचारतात, म्हणून सांगितलं.

पणती ठेवणारे बरेच आहेत, आम्हालाही पणतीच जास्त आवडते. पण कोरी मातीची पणती तेल पाझरते आणि सकाळी लाकडावर काळपट गोल उमटलेला असतो. तो रंधा मारल्याशिवाय जात नाही. खाली छोटी पितळी ताटली ठेवा.

सजावटीचं सामान या दिवसांत आपल्याकडे दारातच असतं. नवान्न पौर्णिमेला भाताच्या नव्या लोंब्या घरात येतात, झेंडू असतो, पिकून केशरी झालेल्या सुपाऱ्या असतात. गावठी ओंडक्यावर यापेक्षा चांगलं काही दिसत नाही. प्लॅस्टिकची लाल-पिवळी पानं विकत आणू नका. फक्त लोंब्या आणि वाळकी पानं ओंडक्याच्या पायथ्याशी, ज्योतीपासून वीतभर लांब. भोकांच्या मधे झेंडूची ताजी फुलं ठेवली तर चालतं. पंखा बंद ठेवा आणि जेवण आटोपून सगळे पडवीत गप्पांना गेले की दिवे विझवा.

सांडलेलं मेण गरम करून पुसू नका, आणखी मुरेल. बर्फाचा खडा फडक्यात गुंडाळून त्यावर धरा, कडक झालं की जुन्या एटीएम कार्डानं खरवडा. वर्षातून एकदा अळशीच्या तेलाचा हलका हात द्या आणि ते फडकं बोळा करून टाकू नका, पसरून वाळवा. या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

सालीचं काय

साल ठेवायची तर किड्याची तयारी हवी. आंब्याच्या बाहेरच्या फिक्या लाकडाला भुंगा लवकर लागतो आणि मग टेबलक्लॉथवर पिठासारखी बारीक पूड पडायला लागते. आम्ही प्रत्येक तुकडा बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून मगच सुकायला लावतो. स्वस्त ओंडक्यात आणि आमच्यात दिसायला फरक नसतो. तो पुढच्या पावसाळ्यात दिसतो.

मुलाकडे-मुलीकडे परदेशी पाठवणार असाल तर घेतानाच सांगा. ऑस्ट्रेलियात साल असलेलं लाकूड आत घेत नाहीत, आणि लाकडी वस्तू सामानात असल्याचं उतरल्यावर जाहीर करावं लागतं. अशांसाठी आम्ही साल काढून गुळगुळीत केलेले तुकडे ठेवतो. थंड मुलुखात हिवाळ्यात घरात हीटर चालू असतो, हवा आपल्या मे महिन्याहून कोरडी होते. तिथे हीटरच्या तोंडाशी ओंडका ठेवू नका म्हणावं.

यंदा काय करायचं

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात सिंधुदुर्गात आंबा-फणसाची झाडं आडवी झाली. त्यातली बरीचशी लाकडं आम्ही तेव्हा उचलली, चिरली, तोंडं रंगवली आणि शेडमध्ये लावून ठेवली. मधल्या पावसाळ्यांत भाडं, जागा आणि राखण सगळं त्यावर चढलं. आमचा भाव प्रदर्शनातल्या ओंडक्यापेक्षा जास्त का, याचं उत्तर त्या शेडमध्ये आहे. येऊन बघा, दार उघडंच असतं.

तुमचा ओंडका ओला असेल तर तो आमच्याकडे ठेवून जा. चिरून, तोंडं रंगवून, नाव आणि तारीख लिहून आम्ही सुकवतो, फक्त चिराईची मजुरी घेतो. यंदाच्या टेबलासाठी मांडणीवरचा कोरडा तुकडा न्या. तीन, पाच आणि सात भोकांचे असतात. आपल्या परसातल्याच आंब्याचा हवा, आजीनं लावलेला होता, असं म्हणणाऱ्यांचं मन आम्हाला कळतं. शेडमध्ये अशी नावं लिहिलेले बरेच ओंडके आहेत आणि त्यातले काही या मार्चमध्ये १३ वर आले. ज्यांचे आहेत त्यांना फोन केलेत.

येताना तुमचा कप किंवा मेणबत्ती बरोबर आणा, माप तोंडी सांगू नका. दसऱ्याच्या आधी आलात तर दोन दिवसांत मिळेल, नंतर आठ दिवस धरा. गणपतीत सात दिवस वर्कशॉप बंद असतं.