अवेळी कळा आल्या म्हणजे बाळंतपण आलंच?

सातव्या महिन्यात पोट दगडासारखं कडक होऊन कळा आल्या की घरात लगेच बॅग भरली जाते, ‘आता होणारच’ म्हणून. तसं नसतं. अशा बहुतेक बायका पुढच्या आठवड्यात बाळंत होत नाहीत. दवाखान्यात जायचंच, पण नुसत्या कळांवरून डॉक्टरांनाही सांगता येत नाही. योनीमार्गातून सोनोग्राफी करून गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजतात. ३० मिलिमीटरहून जास्त भरली, तर लगेच प्रसूतीची शक्यता फार कमी. १५ च्या खाली असेल, तर मात्र दाखल करून बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात.

आणि ‘पलंगावरून उठूच नकोस’ हा सासूबाईंचा (कधी डॉक्टरांचाही!) हुकूम? त्याने प्रसूती लांबते असं सिद्ध झालेलं नाही. उलट पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.