धरण भरलं म्हणून कटला वाढत नाही

उजनी शंभर टक्के भरल्याची बातमी आली की सोलापुरात हमखास ऐकू येतं, "यंदा मासा मुबलक!" पण भीमा नदीवरचं हे ११७ टीएमसीचं धरण तुडुंब भरलं तरी कटला आपोआप वाढत नाही. साचलेल्या पाण्यात तो अंडीच सोडत नाही.

कटला, रोहू, मृगळ हे मूळचे नदीचे मासे. उन्हाळ्यात मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर पडायला पुराचं वाहतं, जरा गार झालेलं पाणी लागतं. ते अंगाला लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी संप्रेरक सोडते आणि मादी अंडी टाकते. पूर मिळाला नाही, तर अंडी पोटातच जिरून जातात. मासा कमी पडला की भीमामाई कोपली म्हणणाऱ्यांनी हे समजून घ्यावं. १९५७ साली ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी याच ग्रंथीचा अर्क टोचून पुराविना अंडी मिळवली. आजची मत्स्यबीज केंद्रं त्याच तत्त्वावर चालतात.

चिलापी (तिलापिया) या माशाला मात्र पूर लागत नाही. मादी अंडी तोंडात उबवते. दाटी झाली की पिल्लं लहान असतानाच वयात येतात. माशांची संख्या वाढते, वजन वाढत नाही.

म्हणजे उजनीत कटला हवा, तर कुणीतरी दरवर्षी बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली पाहिजे आणि बाकीच्यांनी ती वाढू दिली पाहिजे. लांबी दुप्पट झाली की माशाचं वजन साधारण आठपट होतं. तरीही बारीक आसाची (छिद्रांची) जाळी पडतात, कारण आज लहान म्हणून सोडलेला मासा उद्या दुसऱ्याच्या जाळ्यात जाईल ही भीती खरी असते. सामायिक संपत्तीचा असा नाश अटळ आहे, असं अमेरिकी परिसरशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलं. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी ते खोडून काढलं आणि २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलं. त्यांनी दिलेला एक दाखला तुर्कस्तानातल्या अलान्याचा: तिथले मच्छीमार चिठ्ठ्या टाकून जागा ठरवत आणि रोज एकेक जागा पुढे सरकत. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येई, म्हणून नियम मोडणाऱ्याला तेच अडवत.

उजनीचा फुगवटा मात्र सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. जाळ्याचा आस आणि मासेमारी बंदीचे महिने तिन्हीकडच्या मच्छीमारांनी एकत्र बसून ठरवायला हवेत. आणि त्या महिन्यांत त्यांच्या घरची चूल कशी पेटणार, याची सोय आधी व्हायला हवी. नाहीतर रात्री बारीक जाळी पडणारच.