पोलिश-युक्रेनी युद्धकाळावरच्या किशोर कादंबऱ्या

दुसऱ्या महायुद्धात व्होलिन आणि पूर्व गॅलिशिया या भागांत पोलिश आणि युक्रेनी समाज एकमेकांच्या जिवावर उठले, त्या काळावर कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा हा गट. हे दोन्ही भाग युद्धाआधी पोलंडमध्ये होते, आज युक्रेनमध्ये आहेत. नायक किंवा नायिका साधारण १४ ते १८ वर्षांची, घर बहुतेक वेळा मिश्र, नाहीतर जिवाभावाचा मित्र नेमका पलीकडच्या बाजूचा, आणि इमान कुणाशी राखायचं हा पेच सुरुवातीच्या पानांतच पडलेला असतो. इंग्रजीत हा प्रकार अलीकडचा. पोलिशमध्ये विषय जुना आहे पण त्याला किशोर साहित्य असं वेगळं लेबल फारसं लागलं नाही, मोठ्यांसाठी लिहिलेलंच शाळेतली मुलं वाचत आली.

कथाबीज कुठलं

यावर एकमत नाही आणि वाद बराच लांबलेला आहे. पोलिश समीक्षेत साधारणपणे पोलिश कादंबरीकार हेन्रिक शेंकेविच यांच्या १८८४ च्या ‘आग आणि तलवार’पासून सुरुवात करतात. कोसॅक म्हणजे युक्रेनच्या स्टेपवरचे लढवय्ये, त्यांनी ख्मेल्नित्स्कीच्या नेतृत्वाखाली १६४८ मध्ये पोलिश सत्तेविरुद्ध केलेल्या उठावावरची ही कादंबरी पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी वाचली, आणि कोसॅक म्हणजे शूर पण बेभरवशाचा ही प्रतिमा पोलिश मनात तिने पक्की केली हे खरंच आहे. पण तिच्यात निष्ठेचा पेच तसा नाहीये, नायक कुणाचा हे पहिल्या पानापासून ठरलेलं असतं. (गंमत म्हणजे कादंबरीतला आदर्श पोलिश सरदार यारेमी विश्न्योव्येत्स्की हा प्रत्यक्षात ऑर्थोडॉक्स रुथेनियन (म्हणजे आजच्या युक्रेनी-बेलारूसींच्या पूर्वजांच्या) घराण्यात जन्मून नंतर कॅथलिक झालेला होता, म्हणजे दुभंगलेल्या इमानाचं खरं उदाहरण तोच, पण लेखकाला त्यात पडायचं नव्हतं.)

दुसरं मत गोगोलच्या ‘तारास बुल्बा’कडे बोट दाखवतं. १८३५ ची ही रशियन कथा १८४२ मध्ये बरीच बदलून, जास्त रशियाभिमानी होऊन पुन्हा आली. धाकटा मुलगा अंद्री पोलिश सरदाराच्या मुलीसाठी वेढ्यातल्या दुब्नो शहरात जाऊन शत्रूला मिळतो आणि बाप त्याला स्वतःच्या हाताने गोळी घालतो. दुब्नो व्होलिनमध्येच येतं हे लक्षात ठेवण्यासारखं. तिसरं मत युक्रेनी कवी शेव्चेन्कोच्या १८४१ च्या ‘हायदमाकी’ या दीर्घकाव्याचं. त्यात पोलिश सरदारांविरुद्धच्या १७६८ च्या उठावातला इव्हान गोन्ता आपल्या दोन मुलांना ती कॅथलिक आहेत म्हणून मारतो आणि मग रात्री चोरून पुरतो. इतिहासात या मुलांच्या हत्येला आधार मिळत नाही. गोन्ता आधी पोतोत्स्की या पोलिश जमीनदाराच्या कोसॅक पथकात चाकरीला होता आणि उमान इथे बंडखोरांना जाऊन मिळाला, एवढं मात्र नक्की.

या तिन्हींत शेव्चेन्कोची बाजू जास्त पटते. गोगोलमध्ये फितुरीला प्रेमाचं कारण आहे, म्हणजे मुलाने निवड केली. गोन्ताच्या मुलांनी काहीच निवडलेलं नव्हतं, आईच्या धर्मात वाढली एवढंच, आणि आजच्या कादंबऱ्यांतलं दुखणं बहुतेक हेच असतं. अर्थात आजच्या इंग्रजी लेखकांनी शेव्चेन्को वाचूनच लिहिलं असा दावा करता येणार नाही.

बुल्बा हे नाव पुढे प्रत्यक्ष युद्धातही आलं. तारास बोरोव्हेत्सने १९४१ मध्ये ‘पोलिस्का सीच’ नावाची सेना उभी केली तेव्हा ‘तारास बुल्बा’ हेच टोपणनाव घेतलं, आणि कादंबरीतल्या बुल्बाचं पोलिशांशी वैर असूनही या बुल्बाने १९४३ मध्ये पोलिश गावकऱ्यांच्या कत्तलींना उघड विरोध केला.

मिश्र घर

कथेचा कणा मिश्र घर का, हे बाहेरच्या वाचकाला चटकन कळत नाही. गॅलिशियात रोमन कॅथलिक (बहुतेक पोलिश) आणि ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारे पण पूर्वेकडच्या पद्धतीने उपासना करणारे, बहुतेक युक्रेनी) यांची लग्नं सर्रास व्हायची, आणि मुलगे बापाच्या पंथात, मुली आईच्या पंथात अशी वाटणी असायची, १८६३ च्या ‘कॉन्कॉर्डिया’ या चर्च-कराराने ती नियमातच बसवली. म्हणजे सख्खे बहीणभाऊ वेगवेगळ्या चर्चमध्ये, एकाचा नाताळ २५ डिसेंबरला तर दुसऱ्याचा ज्युलियन पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला, आणि शांततेच्या काळात हे सोयीचंच, दोनदा फराळ. युद्धात मात्र बाप्तिस्म्याचा दाखला हाच जगण्यामरण्याचा कागद झाला. व्होलिनची गोष्ट वेगळी, तिथले युक्रेनी मुख्यतः ऑर्थोडॉक्स. कादंबऱ्या हा फरक अनेकदा पुसून टाकतात, गॅलिशियातलं चर्च उचलून व्होलिनच्या गावात ठेवतात.

सरकारी आकड्यांनीही हे घर नीट पकडता येत नाही. १९३१ च्या पोलिश जनगणनेत राष्ट्रीयत्व विचारलंच नव्हतं, मातृभाषा आणि धर्म विचारले, आणि शेजारच्या पोलेशियात सात लाखांवर लोकांनी आपली भाषा ‘इथली’ एवढंच सांगितलं. वरच्या वर्गातही तेच. लव्हिवचे ग्रीक कॅथलिक महाधर्माध्यक्ष आंद्रेय शेप्तित्स्की हे युक्रेनी समाजाचे आधारस्तंभ आणि त्यांचे सख्खे भाऊ स्तानिस्वाव पोलिश सैन्यात जनरल, १९२३ मध्ये युद्धमंत्री. इतिहासकार व्होलोदिमिर अंतोनोविच पोलिश सरदारवर्गात जन्मले आणि १८६२ मध्ये जाहीर लेख लिहून आपण युक्रेनी असल्याचं सांगितलं, पुढे शेंकेविचच्या कादंबरीतल्या इतिहासाची चिरफाड करणारे तेच. अशा माणसाच्या हाती निवड होती. १९४३ मधल्या १५ वर्षांच्या पोराच्या हाती ती नव्हती, कादंबऱ्यांना जे सांगायचंय ते इथेच.

१९४३ आणि आदेशाचा प्रश्न

पार्श्वभूमी थोडक्यात. १९१८-१९ चं पोलिश-युक्रेनी युद्ध, त्यात लव्हिवमध्ये लढलेली शाळकरी पोलिश मुलं (१४ वर्षांचा युरेक बिच्चान त्यांत मारला गेला आणि पोलिश बालवीरांच्या गोष्टींत अजरामर झाला), मग पोलिश राज्यात युक्रेनी शाळांवर आलेली गदा, ‘प्लास्त’ या युक्रेनी स्काउट संघटनेवर टप्प्याटप्प्याने १९३० पर्यंत पूर्ण लादलेली बंदी, १९३० ची पोलिसी दडपशाही, आणि दुसरीकडे युक्रेनी राष्ट्रवादी संघटना म्हणजे ओयूएन, जिने १९३४ मध्ये पोलिश गृहमंत्री पेरात्स्कीची हत्या केली. १९४० मध्ये ती फुटून बांदेरा आणि मेल्निक या नेत्यांचे दोन गट झाले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये पारोश्ला गावापासून व्होलिनमधल्या पोलिश वस्त्यांवर युक्रेनी राष्ट्रवाद्यांचे मोठे हल्ले सुरू झाले. मार्च-एप्रिलमध्ये जर्मनांच्या हाताखालचे सुमारे ५,००० युक्रेनी पोलीस शस्त्रांसकट पळून युक्रेनी बंडखोर सेनेला म्हणजे यूपीएला मिळाले, आणि ११ जुलैच्या रविवारी जवळपास शंभर ठिकाणी एकाच वेळी हल्ले झाले, काही ठिकाणी लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले असताना. व्होलिनमध्ये ५० ते ६० हजार आणि गॅलिशिया धरून १ लाखाच्या आसपास पोलिश मारले गेले असं बहुतेक अभ्यासक मानतात. पोलिश बाजूने मारल्या गेलेल्या युक्रेनींचा आकडा साधारण १० ते २० हजार सांगतात, साहरिन (मार्च १९४४) आणि पावुओकोमा (मार्च १९४५) ही त्यांतली ठळक गावं.

हे वरून ठरवून झालं की स्थानिक पातळीवर भडकलं, हा मोठा वाद. व्होलिनमधला यूपीएचा प्रमुख द्मित्रो क्ल्याच्किव्स्की, टोपणनाव क्लिम सावुर, याने सगळ्या पोलिश लोकसंख्येचा नायनाट करायचा आदेश दिला असं मानतात, पण त्याचा मुख्य आधार म्हणजे यूपीएचा कमांडर युरी स्तेल्माश्चुक याने १९४५ मध्ये पकडला गेल्यावर सोव्हिएत चौकशीत दिलेली साक्ष. मूळ आदेश हाती लागलेला नाही आणि सोव्हिएत चौकशीतल्या साक्षी किती धराव्यात हा प्रश्न रास्तच आहे. युक्रेनी इतिहासकार व्होलोदिमिर व्यात्रोविच यांनी २०११ मध्ये हे सगळं ‘दुसरं पोलिश-युक्रेनी युद्ध’ म्हणून मांडलं, म्हणजे दोन सैन्यं, दोघांचे अपराध. पोलिश इतिहासकार ग्झेगोश मोतिका यांच्या मते हा ओयूएन-बांदेरा गटाने आखलेला, वंशसंहाराच्या पातळीवर गेलेला वंशविच्छेद होता. एकच कागद नसला तरी ११ जुलैला इतक्या गावांत एकाच दिवशी हल्ला आपोआप होत नाही, त्यामुळे मोतिका यांची मांडणी जास्त टिकाऊ वाटते. पोलिश संसदेने २०१६ मध्ये ठराव करून याला वंशसंहार म्हटलं.

पुस्तकं

कम्युनिस्ट पोलंडमध्ये व्होलिन सोव्हिएत हद्दीत गेल्यामुळे त्याबद्दल बोलायची पंचाईत होती, चालायचं ते फक्त आग्नेय पोलंडच्या डोंगरातलं यूपीएविरुद्धचं युद्ध. यान गेरहार्ड यांची १९५९ ची ‘ब्येश्चादीतल्या ज्वाळा’ त्याच साच्यातली, तिथला युक्रेनी म्हणजे डाकू. त्याच डोंगरांतून १९४७ च्या ‘व्हिस्टुला’ मोहिमेत सुमारे १,४०,००० युक्रेनी आणि लेम्को (त्याच डोंगरांतला युक्रेनींच्या जवळचा समाज) लोकांना उचलून उत्तर-पश्चिमेला विखरून टाकलं, ती बाजू अशा पुस्तकांत येत नसे. पोलिश लेखक ओदोयेव्स्की यांची याच संघर्षावरची मोठी कादंबरी १९७३ मध्ये पॅरिसमध्ये छापावी लागली.

इंग्रजी किशोर साहित्यात अमांडा मॅक्रिना यांच्या २०२० आणि २०२२ च्या दोन कादंबऱ्या सहसा नमुना म्हणून घेतात. एकीत अर्धा पोलिश अर्धा युक्रेनी असा लाल सेनेतला १७ वर्षांचा सैनिक, दुसरीत जर्मनीतल्या सक्तमजुरीतून परतलेली पोलिश मुलगी आणि एक युक्रेनी कैदी, सोबत ‘चिहोचेम्नी’ म्हणजे ब्रिटनमध्ये प्रशिक्षण देऊन विमानातून उतरवलेले पोलिश कमांडो (असे एकूण ३१६ उतरले). दोन्हींत मुख्य वर्ष १९४४. याचा फायदा उघड आहे, त्या उन्हाळ्यात जर्मन, लाल सेना, सोव्हिएत गुप्त पोलीस, पोलिश गृहसेना (भूमिगत सेना) आणि यूपीए सगळेच रंगमंचावर असतात आणि कथानक पळतं. पण त्यामुळे १९४३ मागे सरकतं आणि दोन्ही पारडी आहेत त्यापेक्षा जास्त समान दिसायला लागतात. मोठी उणीव मात्र ज्यूंची. व्होलिनमधले सुमारे दोन लाख ज्यू १९४२ संपेपर्यंत मारले गेले होते, आणि त्या कामी लागलेल्या युक्रेनी पोलिसांपैकीच बरेच पुढे यूपीएत गेले. मिश्र घराची गोष्ट सांगताना गावातली रिकामी घरं कुणाची होती हे या प्रकारातली पुस्तकं क्वचितच विचारतात.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहिलेले सुमारे ५,००० पोलिश निर्वासित बरेचसे याच पूर्व सीमाप्रदेशातले. पण त्यांना सोव्हिएत सत्तेने १९४०-४१ मध्येच उचलून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं, त्यामुळे गावाकडची १९४३ ची कत्तल त्यांनी पाहिली नाही. वळिवड्याच्या आठवणींत दुभंगलेलं इमान शोधू नये, ते हद्दपारीचं साहित्य आहे आणि त्याची नोंद वेगळी हवी.