आयडलवर ठेवून रिंगा बसत नाहीत

जुन्या मारुती ८०० चं हाफ इंजिन केलं, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा नव्या घातल्या, की सल्ला ठरलेला: गाडी रात्रभर आयडलवर (उभ्या जागी, अ‍ॅक्सिलरेटर न देता चालू) ठेवा, मग हजार किलोमीटर चाळिशीच्या वर नेऊ नका, रिंगा आपोआप बसतील, म्हणजे सिलिंडरला घट्ट जुळतील. उलट होतं.

रिंग बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) घट्ट दाबली जाते ती मुख्यतः ज्वलनाच्या दाबामुळे. जळता वायू पिस्टनच्या खाचेत शिरून रिंगेला मागून ढकलतो. तिचा स्वतःचा ताण त्यामानाने किरकोळ. आयडलवर हा दाब फारच कमी असतो. मग होनिंगच्या, म्हणजे बोअर घासताना मुद्दाम पाडलेल्या, तिरक्या रेघांची टोकं झिजत नाहीत, वर तेल भाजून बोअर काचेसारखा गुळगुळीत होतो. पुढे निळा धूर, आणि पुन्हा इंजिन उघडून होनिंग.

सुरू केल्यावर ऑइलचा दिवा विझला का, गळती आहे का, कूलंटमधली हवा निघाली का, एवढं पाहा. इंजिन तापलं की रस्त्यावर काढा. तिसऱ्या गिअरमध्ये ३० वरून ६० पर्यंत अर्धा-पाऊण अ‍ॅक्सिलरेटर द्या, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या. असं दहा-बारा वेळा. पाय काढल्यावर सिलिंडरमधल्या ओढीने तेल वर येतं आणि झिजेचा कीस धुऊन नेतं. तेल साधं मिनरल. ५०० किलोमीटरला फिल्टरसकट बदला.

जुन्या सल्ल्यात खरं इतकंच की सुरुवातीला इंजिन किंचाळेपर्यंत ताणू नये. चौथ्या गिअरमध्ये घाट चढवत धडधडवणं मात्र त्याहून वाईट. आणि बोअरच अंडाकृती झिजलेला असेल, तर कितीही पळवा, रिबोअरिंगशिवाय (बोअर कापून मोठा आणि गोल केल्याशिवाय) सुटका नाही.